टीचर, त्या साडेबाराच्या घंटेसाठी

आदरणीय टीचर,

सप्रेम नमस्कार.

लेक यंदा दुसरीत गेली. काल रात्री तिच्या पुस्तकांना कव्हरं घालताना तुमची फार आठवण आली. हे पत्र खरं तर दीड वर्षापूर्वीच लिहायला हवं होतं.

सोलापूर सोडून आम्ही वसईत आलो तेव्हा तिच्या पहिलीच्या प्रवेशाने घराची झोप उडाली होती. एका शाळेने देणगी मागितली, तीही पावतीशिवाय. प्रवेशासाठी अशी देणगी घ्यायला महाराष्ट्रात 1987 पासून कायद्याने बंदी आहे, हे मला तुमच्याकडून कळलं. घरात दोन तट पडले होते. मला ‘कॉन्व्हेंट’ हवं होतं. अण्णा, माझे सासरे, माळकरी. वारी कधी चुकवली नाही. ‘पोरगी उद्या हात जोडायचे विसरली तर?’ एवढंच म्हणायचे आणि गप्प बसायचे. त्यांच्या त्या गप्प बसण्याचंच मला ओझं व्हायचं.

त्या दुपारी तुम्ही ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होतात. मी विचारलं, ‘टीचर, चर्चच्या शाळेत घालू का?’ सारा जन्म तुम्ही तिथे शिकवलंत, तुम्ही ‘घाल’ म्हणणार हे मी धरूनच चालले होते. तुम्ही उलट विचारलंत, ‘तुला चर्चची शाळा हवी, की नुसतं इंग्रजी? वसईत चर्चच्या मराठी शाळाही आहेत. तिथे घालशील?’

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही एक मूठ शेंगा माझ्यापुढे सारल्यात आणि आपण दोघी मुकाट्याने सोलत बसलो. शाळा शोधायला लागल्यापासून तो प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही.

मग तुम्ही काही झाकून ठेवलं नाहीत. वर्गात मुलं खूप असतात. प्रवेशात आधी कॅथलिक मुलांचा विचार होतो, कारण शाळा मुळात त्यांच्यासाठी काढलेली. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांवर विसंबू नकोस, 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. मेंदी, बांगड्या, टिकली यांबद्दल प्रत्येक शाळेचे नियम वेगळे, ते प्रवेशाआधी तोंडावर विचार. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला जातात तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं. आणि प्रार्थना? घटनेचं कलम 28 सांगतं की पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेला बसवता येत नाही. ‘नको असेल तर लेखी दे,’ तुम्ही म्हणालात, ‘पण रोज सकाळी सगळी मुलं उभी असताना तुझी लेक एकटी बाजूला थांबलेली तुला चालेल का, तेही आत्ताच ठरव.’ इतकं खरं बोलणारं माणूस प्रवेशाच्या त्या धावपळीत मला दुसरं भेटलं नाही.

अण्णांशीही तुम्ही तसंच बोललात. ‘आजोबा, प्रार्थना होणारच. शाळा आमची आहे, ती आम्ही लपवणार नाही. पण आमची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तीसुद्धा मराठीतच असते.’ अण्णा चमकले. ‘मराठीत?’ मग तुम्ही फादर दिब्रिटोंची आठवण काढलीत, आपल्या वसईचे, 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. अण्णांनी त्यांचं नाव पेपरात वाचलं होतं, पण ते इथलेच हे ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून अण्णा तुमच्या ओट्यावर स्वतःहून येऊ लागले.

पण खरा निर्णय झाला तो तुमच्या एका सांगण्यावरून. ‘ऑफिसात जाऊन चौकशी करू नकोस. साडेबाराला फाटकाशी उभी राहा. शाळा सुटताना बघ.’ मी तीन दिवस उभी राहिले. तिसऱ्या दिवशी अण्णाही आले. एक लहानगा रडत बाहेर आला, पाण्याची बाटली हरवली होती. सिस्टर त्याच्यासोबत परत आत गेल्या, बाटली घेऊन आल्या आणि खाली बसून त्याच्या बुटाची नाडी बांधली. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, पण सिस्टरनी मान वर केली नाही. वॉचमनकाका पोरांना नावाने हाका मारत होते. कपाळावर गंध लावलेला एक मुलगा धावत आला आणि सिस्टरच्या हातात एक बोर ठेवून पळाला. अण्णा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. चहा पिताना म्हणाले, ‘फॉर्म आण.’

आणि तो फॉर्म मराठी माध्यमाचा होता, टीचर. चर्चचीच शाळा, पुढे सेमी-इंग्रजी. तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी असं दिलं. नातेवाईक अजून विचारतात, कॉन्व्हेंटमध्येच घालायचं तर मराठीत कशाला. मी आता अडखळत नाही.

लेक संध्याकाळी शुभंकरोति म्हणते. जेवताना अण्णांबरोबर ‘वदनी कवळ’ म्हणते आणि मग डोळे मिटून शाळेतली जेवणाची प्रार्थना. ती होईपर्यंत अण्णा हातातला घास तसाच धरून थांबतात.

टीचर, तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही तिघं येतो. वाल अण्णा आणणार आहेत, सोलायला आपण आहोतच.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची सोलापूरची सून