वहीतले लिटर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर त्या सात सीटर गाडीबद्दल तू किती उत्साहानं बोलत होतास! उंचावर बसायला मिळतं, पुढचा सगळा रस्ता दिसतो, दाराशी हत्ती झुलल्यासारखं वाटतं. मी नुसता हं हं करत राहिलो. फोन ठेवल्यावर मात्र झोप लागेना. तशीच गाडी मी चार वर्षं चालवली, पण ती का विकली हे तुला कधी नीट सांगितलंच नाही.

पेट्रोल भरलं की वहीत लिहायची मला सवय. तारीख, किलोमीटर, लिटर. एका वर्षाअखेरी बेरीज केली, तर 12,000 किलोमीटर आणि 1,200 लिटर. म्हणजे दहाचा अ‍ॅव्हरेज. एरवी मी पैशांचा हिशेब करायचो, त्या दिवशी पहिल्यांदा धुराचा केला. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोलचं स्वतःचं वजन लिटरला जेमतेम पाऊण किलो, मग एवढा वायू येतो कुठून, हे मलाही कोडंच होतं. तर कार्बनचा एकेक अणू जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, एकाला दोन असे. वजन वाढतं ते त्याचं. 1,200 लिटरचे झाले 2,760 किलो. माझी गाडी 1,900 किलोंची. म्हणजे दर वर्षी तिच्या जवळजवळ दीडपट वजनाचा वायू मी हवेत सोडत होतो. त्याला ना रंग, ना वास. चार वर्षांत एकदाही जाणवलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आणि गाडीत असायचं कोण? बहुतेक दिवस मी एकटा. एकदा बॅटरी उतरली म्हणून गाडी कडेला घ्यायची होती. थोडासाच चढ होता, तरी चौघांनी खांदा लावला तेव्हा ती हलली. तळहातांवर वळ उठले होते. 70 किलोंचा एक माणूस कामावर पोचवायला हे धूड रोज प्रत्येक सिग्नलला थांबवायचं आणि पुन्हा ओढून काढायचं, हे त्या दिवशी हातांना कळलं. ब्रेक दाबला की आधी जाळलेल्या पेट्रोलची कमाई चकत्या तापवण्यात संपते. मोकळ्या रस्त्यावर हवा आडवी येते. वेग दुप्पट झाला की तिचा विरोध चौपट होतो, आणि उंच, रुंद नाकाच्या गाडीला तर तो मुळातच जास्त.

तू म्हणालास, 'आताची वीस देते, ही दहा देईल, दहाचाच तर फरक.' असं मोजू नकोस रे. लिटरमध्ये मोज. 1,000 किलोमीटरला आता 50 लिटर लागतात, उद्या 100 लागतील. वीसच्या गाडीऐवजी पंचवीसची घेतली तर तेवढ्याच अंतरात 10 लिटर वाचतात, पण आठची सोडून दहाची घेतली तर 25. जास्त पिणाऱ्या गाड्यांमध्येच खरी गळती आहे.

आणि हे तुझ्यामाझ्यापुरतं नाही. 2023 मध्ये जगभर विकल्या गेलेल्या गाड्यांपैकी जवळजवळ निम्म्या एसयूव्ही, म्हणजे अशाच उंच, जड गाड्या होत्या. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं, सगळ्या एसयूव्ही मिळून एक देश मानला तर कार्बन डायऑक्साइड सोडण्यात तो पाचवा येईल. अमेरिकेत 1973 च्या तेलटंचाईनंतर, 1975 मध्ये मायलेजचा कायदा झाला, पण मालवाहू छोट्या ट्रकांना नियम सैल ठेवले. पुढे एसयूव्ही त्याच वर्गात बसवून विकल्या गेल्या. माणसं नेणारी गाडी कागदावर ट्रक! हे वाचलं की अजून संताप होतो.

इलेक्ट्रिक घेतली तर, असं तू विचारशीलच. धूर नाही, हे मोठंच काम आहे. पण वजनाचं काय? हमरच्या इलेक्ट्रिक गाडीत नुसती बॅटरी साधारण 1,300 किलोंची आहे, म्हणजे एक अख्खी छोटी गाडी. तेवढे धातू खणून काढावे लागतात, आणि जड गाडीचे टायरही जास्त झिजतात. टायर तडकू नये म्हणून रबरात एक रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन विषारी पदार्थ तयार होतो. तो पावसाबरोबर ओढ्यांत उतरतो आणि त्यानं कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच मरतात, हे 2020 मध्ये सिद्ध झालं. टायर झिजून त्याचा भुगा जातो कुठे, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

तुमच्या घरची सातही माणसं एका वेळी वर्षातून किती दिवस प्रवास करतात, तेवढं मोजून बघ. माझ्याकडे असे नऊ दिवस निघाले. आता त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्यानं आणतो, एरवी छोटी पुरते. वही कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे. बुकिंगचे पैसे भरण्याआधी एकदा ये, दोघं बसून तुझा आकडा काढू.

तुझाच,
जुना सोबती