मसुदा दुरुस्त करून नको, लिहायला शिकवा

महोदय,

मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विद्यापीठ, दोन्ही नाशकातच. प्रबंध-प्रकल्पांना इथे तोटा नाही. पण घोडे अडते ते सादरीकरणाच्या तोंडावर, इतरांच्या लिखाणाशी असलेल्या साम्याचा टक्का पाहिल्यावर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालते. 10 ते 40 असेल तर 6 महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते. मग 'परिणाम झाला'च्या जागी 'प्रभाव पडला' अशी शब्दांची अदलाबदल सुरू होते. वाक्याचा सांगाडा तोच, संदर्भ गायब. टक्का उतरतो, उचलेगिरी राहतेच! खरे तर उतारा दोनदा वाचून मिटावा, आपल्या शब्दांत लिहावा, मग मुळाशी ताडून संदर्भ तिथल्या तिथे टाकावा.

हे शिकवायला परदेशी विद्यापीठांत लेखन केंद्रे असतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात असे केंद्र 1976 पासून आहे. प्रशिक्षित मार्गदर्शक, अनेकदा विद्यार्थीच, अर्धा-पाऊण तास शेजारी बसून मसुदा मोठ्याने वाचायला लावतो. अडखळले तिथे वाक्य बिघडलेले असते. आधी मुद्दा आणि मांडणी, शुद्धलेखन शेवटी. पेन मात्र लिहिणाऱ्याच्याच हातात. आपल्या महाविद्यालयांत यासाठी ग्रंथालयातले एक टेबल आणि आठवड्यातल्या दोन दुपारी पुरतील, फक्त सुरुवात पहिल्या मसुद्यापासून हवी.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक