वरची गोळी बंद कधी करायची?

संपादक महोदय,

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमधील आक्रमकता कमी करणाऱ्या पूरक औषधांवरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. बहुतेक रुग्ण कधीच कुणाच्या अंगावर जात नाहीत, हे त्यात आलं, बरं वाटलं. पण आमच्यासारख्या घरांना पडणारा प्रश्न राहून गेला: मूळ औषधावर चढवलेली ही गोळी उतरवायची कधी?

माझा दादा 19 वर्षं या आजाराशी झगडतोय. मध्यंतरी त्याची चिडचिड एवढी वाढली की एका रात्री भरलं ताट भिंतीवर गेलं. डॉक्टरांनी सोडियम व्हॅल्प्रोएट हे एरवी फिट्सवर देतात ते औषध जोडलं. दोन आठवडे घर शांत होतं. मग वजन वाढलं, हात थरथरायला लागले, आणि राग परत आला. चिठ्ठीवर मात्र दर वेळी तेच, 'चालू ठेवा'. हे औषध आक्रमकतेवर उपयोगी पडू शकतं, असं 2016 चा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) सांगतो. पण कुणाला काय दिलंय हे सगळ्यांना ठाऊक असलेल्या चाचण्यांच्या आधारे, म्हणजे पुरावा लंगडाच.

दुसऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी बाजूला ठेवली, दादाला खुर्चीत बसवलं आणि नुसते बघत राहिले. पाय सारखे हलत होते. तो उठे, दोन पावलं टाके, पुन्हा बसे. आम्ही रोज पाहत होतो ते, पण त्याला राग म्हणत होतो. ती अँटिसायकोटिकमुळे, म्हणजे त्याच्या मूळ औषधामुळे, होणारी तगमग होती, अकाथिसिया. त्यांनी मूळ औषधाचा डोस कमी केला, दमा नाही ना हे विचारून, नाडी आणि रक्तदाब बघून प्रोप्रॅनोलॉल हे एरवी रक्तदाबावर देतात ते औषध दिलं. गंमत म्हणजे तेही आक्रमकतेसाठी जोडतात त्याच औषधांतलं! पण या वेळी ते कशासाठी, हे आम्हाला कळलं होतं.

प्रत्येकाची गोष्ट अशी नसते. कुणाला आजारात ऐकू येणारे भासाचे आवाज डिवचतात, कुणी गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकतो, कुणाचं दारूनं बिघडतं. आणि मूळ औषधच पुरत नसेल, तर क्लोझापिन या दुसऱ्या अँटिसायकोटिकचा विषय निघायला हवा. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिंसक रुग्णांवर 12 आठवड्यांत ते ओलान्झापिन आणि हॅलोपेरिडॉल या दोन्ही अँटिसायकोटिकपेक्षा हल्ले कमी करण्यात सरस ठरलं. पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्यानं रक्त सतत तपासावं लागतं, म्हणून टाळाटाळ होते. तोवर एकीवर एक गोळ्या चढत राहतात.

आता मी वहीत प्रत्येक नव्या गोळीपुढे ती कशासाठी सुरू केली आणि कोणत्या तारखेला पुन्हा बघायचं, हे डॉक्टरांकडूनच लिहून घेते. पहिल्यांदा मागितलं तेव्हा ते जरा चमकले. मग त्यांनीच व्हॅल्प्रोएटपुढे हळूहळू कमी करायच्या तारखा लिहिल्या.

आपली,
एक बहीण