बांध कोरणाऱ्याचा कागद

चि. बाळ्यास,

परवा तुझं स्टेटस बघितलं, पुतीनचा फोटो आणि खाली 'गेलेलं परत मिळवणारा मर्द'. आईनं विचारलं हा कोण पैलवान. फोन केला असता तर तू 'बाबा तुम्हाला काय कळतंय' म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहायलोय.

मेसेजमधे तू म्हणालास युक्रेनात पुतीन घ्यायला बघतोय तिथं लोक रशियनच बोलतात, मग ती रशियाचीच जमीन की, आपल्या सीमाभागासारखं. इथंच माझं डोकं फिरलं बघ. आपण १९५६ पासून काय मागायलोय, आम्हाला विचारा एवढंच ना? मोर्चे झाले, लाठ्या खाल्ल्या, २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात पडलीय, पण कोल्हापुरातनं रणगाडे पाठवा असं कुणी म्हटलं नाही. आणि युक्रेनच्या लोकांना विचारून झालंय रे, १ डिसेंबर १९९१ ला, ९० टक्क्यांच्या वर लोकांनी स्वतंत्र व्हायचं म्हटलं, रशियन बोलणाऱ्या खार्किव आणि दोनेत्स्कात पण ८० च्या वर, क्रिमियात ५४ पण तिथं सुद्धा होच. नंतर खार्किववर बॉम्ब पडले ते बहुतेक रशियन बोलणाऱ्यांच्याच घरांवर.

या पुतीनचं दुखणं जुनं आहे. सोव्हिएत युनियन मोडलं ही शतकातली मोठी आपत्ती असं २००५ लाच म्हणून झालं, २०२१ ला दोन्ही एकच लोक म्हणून हा लांबलचक लेख, २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेन लेनिननं बनवलाय म्हणून भाषण आणि तीन दिवसांत रणगाडे आत. जूनमधे तर स्वतःला रशियाच्या जुन्या बादशहाच्या, पीटर द ग्रेटच्या रांगेत बसवलं, म्हणे तो स्वीडनशी २१ वर्षं लढला पण घेतलं काही नाही, परत घेतलं.

'परत घेतलं' वाचलं आणि आपल्या खालच्या शेताचा बांध आठवला. शेजारी दर पावसाळ्यात वीतभर कोरायचा आणि पंच बसले की आज्ज्याच्या वेळचा कागद काढायचा. त्याच्याही आधीचा कागद आमच्याकडं होता, तो मात्र त्याला नको असायचा. मॉस्कोचं नाव पहिल्यांदा सापडतंय ११४७ साली, युक्रेनची राजधानी कीव त्याच्या कितीतरी आधीचं, मग कीववाल्यांनी मॉस्को मागायचं काय? तंजावरला पण मराठ्यांचं राज्य होतं की, काढूया ट्रॅक्टर?

आणि तुझी आज्जी गोकाककडची, शेवटपर्यंत चुलीपाशी कन्नडच बोलली, आज्जा सोप्यात मराठी. बोलीवर मालक ठरवायचा तर आपल्या घरात भिंत कुठं घालायची ते तूच सांग.

स्टेटस काढ नाहीतर ठेव, तुझा मोबाईल आहे. गणपतीला कधी निघतोस ते कळव, कुंदा सांगून ठेवतो. बांधावर आता दगड रोवलेत, आलास की जाऊन बघूया.

बाबा