गणित सोडले तरी सुटत नाही

संपादक महोदय,

अकरावी वाणिज्यला गणिताऐवजी चिटणीसाची कार्यपद्धती घेतली की गणित सुटले, हा समज मुलांना महागात पडतो. बी.कॉम.ला व्याज, सहसंबंध, निर्देशांक समोर येतातच. सीए फाउंडेशनच्या तिसऱ्या पेपरात तर 100 पैकी 40 गुण गणिताचे आणि 40 सांख्यिकीचे असतात. त्रिकोणमिती विसरली तरी चालेल. टक्केवारी, गुणोत्तर, घातांक मात्र पक्के हवेत, आणि मुले अडतात तीही तिथेच. 10,000 रुपये, 12 टक्के, 2 वर्षे, तिमाही चक्रवाढ: इथे दर 3 टक्के आणि मुदत 8 तिमाही घ्यायची. रास 12,668 रुपये होते. दर आणि मुदत तशीच ठेवणाऱ्याची 12,544. बारावीनंतरच्या सुट्टीत महाविद्यालयांनी एवढा भाग तरी जरूर करून घ्यावा.

– वाणिज्य-गणिताचा एक शिक्षक