घणसोलीला उतरणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, मनापासून थँक्यू

प्रिय घणसोली,

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला आवडणार नाही माहितीय. आणि तसंही आमच्याकडे तुझं नाव घणसोलीच पडलंय, मी संध्याकाळी दारात चप्पल काढतेय तोवर आतून बाबांचा आवाज यायचा, "काय म्हणाली गं आज घणसोली?" फोनवर थँक्यू म्हटलं की तू "काय काकू, एवढं काय त्यात" म्हणून विषय बदलतेस, म्हणून म्हटलं आता सगळ्यांसमोरच लिहिते, म्हणजे तुला मध्येच तोडता येणार नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. जुलैत बाबा आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगच्या जिन्यात घसरले. ओला जिना, हातात भाजीची पिशवी. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि उजव्या मनगटालाही प्लास्टर, वय ७४. बाबा वागळे इस्टेटमध्ये ड्राफ्ट्समन होते, आयुष्यभर बोर्डावर वाकून रेघा मारल्या, आणि रिटायर झाल्यापासून त्यांना एकच नाद, एज ऑफ एम्पायर्स २. गाव वसवायचं, सैन्य उभं करायचं असा १९९९ चा गेम तो, भावाच्या कॉम्प्युटरवर आमच्याकडे आला, भाऊ नोकरीसाठी बाहेर गेला पण गेम घरातच राहिला. रोज दुपारी चहा झाला की बाबा टेबलाशी. आता खुर्चीत बसायचंच बंद म्हणजे तेही बंद. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पेपर मागणं सोडलं, आलेल्या माणसांशी बोलणं सोडलं, नुसते छताकडे बघत पडून राहायचे, आणि मला त्या शांततेची फार भीती वाटायची.

माझ्या भाच्याने त्याचं जुनं स्टीम डेक पाठवून दिलं. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, व्हॉल्व्ह कंपनीचं हे हातात धरायचं यंत्र २०२२ मध्ये आलं, मध्ये ७ इंची स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं, आणि आत अख्खा पीसी. पण भाचा बंगलोरला, त्याला वेळ नाही, आणि मी ऑफिसात एक्सेलच्या पुढे कधी गेलेली नाही. घरी बाबांचं सगळं करता करता रात्रीचे ११ वाजायचे, म्हणून ते सकाळी पर्समध्ये टाकून ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलला घेऊन बसायचे. लेडीज डब्यात माझ्या वयाच्या बाईच्या मांडीवर हे बघून आजूबाजूच्या बायका काय म्हणत असतील ते त्यांनाच माहिती.

आणि तू समोर उभी होतीस. मी सुरू करतेय, गेमचा लोगो येतोय, मग काळा पडदा, परत तेच. चौथ्या वेळेला तू वाकून म्हणालीस, "काकू, तो प्रोटॉन जुना लागलाय, बदलून बघा ना." मला वाटलं कुठला तरी औषधाचा डबा आहे. मग तू दिघा गाव ते ऐरोलीमध्ये जे समजावलंस ते मला अजून पाठ आहे. म्हणालीस, हा गेम विंडोजसाठी लिहिलाय, पण या यंत्रात विंडोज नाहीच, लिनक्स नावाची दुसरीच सिस्टिम आहे, मग गेम आपला विंडोजला हाक मारतो आणि ओ देतो प्रोटॉन. विंडोजच्या नावाने आलेली प्रत्येक हाक तो स्वतः घेतो, डायरेक्टएक्स या विंडोजच्या भाषेत काढायला सांगितलेलं चित्र व्हल्कन या लिनक्सला कळणाऱ्या भाषेत करून देतो, गेमला पत्ताच लागत नाही की समोर विंडोज नाही. आणि हे व्हॉल्व्हने २०१८ पासून लावून धरलंय, त्याच्या पोटात वाईन नावाचा प्रोजेक्ट आहे जो त्याच्याही आधी, १९९३ पासून चाललाय. भाच्याने कधीतरी स्वतःच्या कुठल्या गेमसाठी जुना प्रोटॉन सरसकट सगळ्या गेम्सना लावून ठेवला होता, तेवढीच गोष्ट होती. तू गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कम्पॅटिबिलिटीत नवा निवडलास, माझ्या हॉटस्पॉटवर तो उतरला, आणि रबाळे सोडताना स्क्रीनवर गेमचा मेनू आला. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, तू बघितलंस की नाही माहीत नाही.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. काळा पडदा कोणीतरी घालवून दिलाच असता. दुसऱ्या दिवशी तू डब्यात मला शोधत आलीस आणि विचारलंस, खेळणार कोण आहे? मी सांगितलं बाबा. मग तू विचारलंस, "त्यांचा कुठला हात नीट चालतो?"

अगं, इतके आठवडे लोक येत होते घरी. डॉक्टर, फिजिओ, नातेवाईक, शेजारी. सगळ्यांनी विचारलं काय चालत नाही. काय चालतं हे विचारणारी तू पहिली.

मी म्हटलं डावा. तू पुढचा सगळा प्रवास गप्प बसलीस, मला वाटलं झालं, आता नाही जमायचं. घणसोलीला उतरताना एवढंच म्हणालीस, उद्या कागद आणते. आणि खरंच दुसऱ्या दिवशी वहीच्या पानावर यंत्राच्या फक्त डाव्या अर्ध्याचं चित्र काढून आणलंस, पुढून एक आणि पाठीमागून एक, आणि प्रत्येक बटणाला बाण. डावा ट्रॅकपॅड म्हणजे माउस. एल २ डावं क्लिक, एल १ उजवं क्लिक. डाव्या काडीने, म्हणजे जॉयस्टिकने, नकाशा सरकवायचा. पाठीवरचं एल ४ दाबलं की रिकामा बसलेला गावकरी सापडणार, म्हणजे कीबोर्डवरचं टिंबाचं बटण, आणि एल ५ दाबलं की एच, थेट टाउन सेंटरवर, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीवर. चार दिशांच्या बटणांत वरचं एफ ३, म्हणजे पॉज, आणि त्याच्या पुढे तू कंसात लिहिलं होतंस "बाबांना घाई नको". बाबांनी तो कागद बघितला आणि चष्मा मागितला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा चष्मा मागितला. मग म्हणाले, "हिची लाइन चांगली आहे, कुठे शिकली?" ड्राफ्ट्समन माणसाकडून याहून मोठी शाबासकी नाही, हे तुला आज सांगते. तो कागद अजून कपाटाच्या दारावर आहे, औषधांच्या वेळांच्या तक्त्याशेजारी.

पहिल्या रात्री ते रडकुंडीला आले होते मात्र. डावा हात चालतो खरा पण त्याला थोडा कंप आहे, बोट उचललं की बाण पुढे घसरत जायचा आणि गावकऱ्याऐवजी झाडावर क्लिक व्हायचं. मी सकाळी तुला जसंच्या तसं सांगितलं, बोट उचललं की पळतो. तू लगेच ओळखलंस, ट्रॅकबॉल मोड चालू आहे, म्हणजे खरोखरचा गोळा फिरवून सोडल्यासारखा बाण आपल्याच जोरात पुढे जातो, धडधाकट हाताला मजा येते पण कंप असलेल्या हाताला जाच. तो बंद केलास, सेन्सिटिव्हिटी बरीच खाली आणलीस, आणि ट्रॅकपॅडची थरथर वाढवलीस, म्हणजे बोट फिरतंय हे त्यांना बोटालाच कळेल. मग म्हणालीस आज रात्री त्यांना खेळवा आणि उद्या मला फक्त एक सांगा, बाण मागे राहतो की पुढे जातो. असं आपण चार दिवस केलं. रोज थोडं कमी, थोडं जास्त. शिंपी कसा अंगावर घालून बघतो आणि परत उसवतो, तसं. ठाणे ते घणसोली पंधरा मिनिटं, त्यातली पाच तर बसायला जागा मिळेपर्यंत जायची, आणि उरलेल्या दहात तू हे केलंस, तेसुद्धा ऑफिसच्या आधी, जेव्हा बाकीच्या मुली डोळे मिटून पडलेल्या असतात.

वजनाचं पण तूच काढलंस. ६६९ ग्रॅम ऐकायला काही नाही पण आडव्या माणसाने एका हाताने धरायचं म्हणजे दहा मिनिटांत हात भरून येतो. तू म्हणालीस काहीतरी टेकू द्या, पण उशीवर किंवा पांघरुणात ठेवू नका, हवा पाठीमागून आत ओढली जाते आणि वरून बाहेर पडते, पाठ दाबली तर तापणार. मी घरात शोधत बसले आणि माळ्यावर आजीची पोथी ठेवायची लाकडी घडीची ठवणी सापडली. बेडवर जेवायच्या छोट्या टेबलावर ती ठवणी, तिच्यावर स्टीम डेक, पाठ मोकळी. आजी असती तर काय म्हणाली असती कोण जाणे, मला वाटतं तिला चाललं असतं.

अक्षरांसाठी तू दोन गोष्टी दाखवल्यास, गेमच्या ऑप्शन्समध्ये मेनू मोठा करून दिलास आणि अगदीच नाही दिसलं तर स्टीमचं बटण धरून एल १ दाबायचं, भिंग येतं.

आणि पंख्याचा आवाज! रात्री घरघर ऐकून आई जागी व्हायची. तू तीन टिंबांचं बटण दाबून परफॉर्मन्समध्ये नेलंस आणि स्क्रीन ४० हर्ट्‌झवर, फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ४० वर बांधल्यास. मी म्हटलं ६० चे ४० म्हणजे नुकसान नाही का, तर तू मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवलंस, ६० ला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, ३० ला ३३.३, आणि ४० ला बरोबर २५, म्हणजे दोन्हींच्या अगदी मध्यावर, डोळ्याला ३० पेक्षा बरंच गुळगुळीत आणि बॅटरीला ६० पेक्षा बरंच हलकं. मग प्रोसेसरच्या वॅटची मर्यादा, जी १५ पर्यंत जाते, ती ७ वर आणलीस. या मॉडेलची बॅटरी ४० वॅट-अवरची, सगळं मिळून २० वॅट खाल्ले तर दोन तास, १० खाल्ले तर चार. एवढा साधा भागाकार, पण तोवर मी बॅटरी खराब आहे म्हणून नवी कुठे मिळेल ते बघत होते. त्या रात्री पंखा जवळजवळ ऐकूच आला नाही.

मेमरी कार्डाचं प्रकरण लिहायला नको वाटतं, एका दुकानातून स्वस्तात २५६ जीबीचं आणलं आणि ते नकली निघालं. भाच्याचं मॉडेल सगळ्यात लहान, ६४ जीबीचं, त्यामुळे कार्डाशिवाय गत्यंतर नव्हतं. पण तू ते विकत घेतल्या दिवशीच लॅपटॉपवर पूर्ण भरून तपासायला लावलंस म्हणून पैसे परत मिळाले, नाहीतर बाबांची अर्धी झालेली मोहीम एक दिवस गायब झाली असती. हे मात्र वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा, नवं कार्ड आधी पूर्ण तपासा मग त्यावर गेम टाका.

ऑफिसातल्या एकाने मला सांगितलं होतं, कशाला ही कटकट, सरळ विंडोज टाका त्यावर. तू नको म्हणालीस, आणि कारण दिलंस ते मला तेव्हा फार मोठं वाटलं नाही. म्हणालीस, काकू, बाबांना मध्येच थांबावं लागेल ना, इथे पॉवरचं बटण दाबलं की गेम आहे तिथे झोपतो आणि परत दाबलं की तिथूनच उठतो, हे यात फार छान जमलंय, ते घालवू नका. आता कळतं. फिजिओ बेल वाजवतो, बाबा बटण दाबतात, अर्धा तास पाय उचलण्याचे व्यायाम, मग परत बटण, आणि हत्ती जिथे उभे होते तिथेच उभे. आधी फिजिओ आला की ते तोंड फिरवायचे. आता लवकर संपावं म्हणून मुकाट्याने सगळे सेट पूर्ण करतात, फिजिओने मला बाजूला घेऊन विचारलं की तुम्ही यांना काय सांगितलंत.

मग तो दुसरा जुना गेम, ज्यात सुरुवातीच्या व्हिडिओऐवजी नुसते रंगीत पट्टे दिसायचे. व्हिडिओच्या कोडेकची, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरची भानगड होती ती, तू डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन जीई-प्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचाच बाहेरच्या कोणी सुधारलेला प्रकार, टाकून दिलास आणि पट्ट्यांच्या जागी व्हिडिओ आला, त्यात फार वेळ गेला नाही. त्या दिवशी मला स्टीम आणि एक्स दाबून कीबोर्ड आणायला शिकवलंस, आणि बाहेरचं काही टाकायचं तर डिस्कव्हर या यंत्रातल्याच ॲप स्टोअरमधूनच टाका, सिस्टिमच्या फायलींना हात लावू नका, अपडेटला पुसलं जातं, हेही. मी ते वहीत लिहून ठेवलंय.

प्लास्टर निघालं सप्टेंबरात. मला वाटलं आता बाबा नेहमीचे दोन हातांचे कंट्रोल मागतील. तू तेही आधीच करून ठेवलं होतंस, दुसऱ्या नावाने सेव्ह केलेलं. पण ते अजून डाव्या हातानेच खेळतात, म्हणतात हे मला बसलंय, आणि उजव्या हातात चहाचा कप धरतात. तो कप धरणं हाच त्यांच्या मनगटाचा व्यायाम आहे, कप आधी रिकामा, मग अर्धा, आता पूर्ण.

वॉकर घेऊन ते तलावपाळीपर्यंत जाऊन आले मागच्या रविवारी. मधल्या काळात त्याच गेमच्या नव्या आवृत्तीला जोडलेल्या डायनेस्टीज ऑफ इंडिया या भागातली राजेंद्र चोळाची मोहीम चालू आहे, जहाजंच जहाजं, आणि आईला रोज जेवताना सांगतात की आज कुठलं बंदर घेतलं. आई ऐकते. कधी कधी विचारते पण, "मग पुढे?"

तू आता पुण्याला गेलीस, सकाळी डब्यात तुझ्या जागी कोणी दुसरीच उभी असते. ठाण्याला येशील तेव्हा घरी ये, पुरणपोळी म्हणालीस तर पुरणपोळी, मिसळ म्हणालीस तर मिसळ. बाबांचा तुझ्यासाठी एक निरोप आहे, त्यांनी जसा सांगितला तसा लिहिते, "घणसोलीला सांग, एल ४ वर मी आता गावकऱ्याऐवजी सैन्य ठेवलंय आणि गावकरी खालच्या बटणावर नेलाय, स्वतः बदललंय, कोणाला विचारलं नाही. पण ती आली की तिने एकदा बघून सांगावं, बरोबर केलंय का."

तुझी,
वाशीला उतरणारी काकू
नौपाडा, ठाणे