बाबा, गरी एका हाताने निघत नाही

ऑकलंड, २१ ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, फोनवर तू म्हणालीस, "मी सांगितलं असं त्यांना सांगू नकोस हो." सांगत नाहीये, लिहितोय. पत्र दोघांच्या नावाने आहे, त्यामुळे बाबा आत्ता चष्म्यावरून तुझ्याकडे बघत असतील. बघू देत.

बाबा, गौरी-गणपती झाल्यावर तुम्ही धक्क्यावर एकटेच मासे गरवायला गेलात, गरी अंगठ्यात रुतली आणि तुम्ही ती पकडीने उपटून काढलीत. घरी येऊन सांगितलंत की शिंगाळा माशाचा काटा लागला. आईने लगेच पाणी तापवलं. शिंगाळ्याच्या काट्याला ऊन पाणी बरोबरच आहे, त्याच्या विषाचा जोर उष्णतेने उतरतो. गरीच्या जखमेत कसलं विष? म्हणजे थाप मारलीत ती मारलीत, वर औषधही दुसऱ्याच दुखण्याचं घेतलंत. रक्ताने माखलेला रुमाल तेवढा सदऱ्याच्या खिशात विसरलात. चाळीस वर्षं तुमचे खिसे तपासून कपडे भिजवणाऱ्या बाईशी ही लपवाछपवी!

मला रागवायचा फारसा हक्क नाही, हेही सांगून टाकतो. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी सगळा वेळ उजव्याच हाताने बोलत होतो, लक्षात आलं का? डाव्या हाताला पट्टी होती.

ऑकलंडच्या पूर्वेला मराइताई नावाचं गाव आहे. तिथल्या धक्क्यावर सुट्टीच्या दिवशी सकाळपासून माणसं काठ्या लावून बसलेली असतात. मी चिमीला घेऊन गेलो होतो. इथे काहावाई म्हणून मासा मिळतो. अंगाने आपल्या रावसासारखा लांबट, चंदेरी, पण रग विलक्षण. त्याला आमिष म्हणून नकली मासा लावतात आणि त्या नकली माशाला पोटाशी एक, शेपटीशी एक अशा दोन गऱ्या, दोन्ही तीन-तीन तोंडांच्या. तुम्ही म्हणाल, एका माशासाठी सहा टोकं? मीही आता तेच म्हणतो.

मासा वर घेतला, डाव्या हाताने धरला आणि उजव्या हाताने पक्कड शोधायला लागलो. तेवढ्यात त्याने उसळी मारली. शेपटीकडची गरी माझ्या तर्जनीच्या बुडाशी घुसली आणि पोटाकडची अजून त्याच्याच जबड्यात. मासा आणि मी एकाच माळेत ओवलेले! तो प्रत्येक झटक्याला माझ्या हातातली गरी आणखी आत सारत होता. दुखण्यापेक्षा ते असं जोडलं जाणं भयंकर वाटलं. शेजारचा एक म्हातारा न बोलता उठला, ओला टॉवेल माशावर टाकून त्याला गुडघ्याखाली दाबलं आणि कटरने मधली कडी तोडली. मग मला म्हणाला, हातातल्या गरीला हात लावू नकोस, दवाखाना गाठ. चिमी रडली नाही. मासा परत पाण्यात सोडायचा का, एवढंच तिने विचारलं.

दवाखान्यात आधी एक फॉर्म भरून घेतला. इथे १९७४ पासून अशी पद्धत आहे की अपघात कुणाच्याही चुकीने झालेला असो, उपचाराचा बराचसा खर्च एक सरकारी महामंडळ उचलतं. स्वतःच्या वेंधळेपणालाही ते लागू आहे. देशात पाहुणा म्हणून आलेल्यालाही आहे, तेव्हा तुम्हाला गऱ्या टोचूनच घ्यायच्या असतील तर इकडे या.

आता खरी गंमत. डॉक्टर मुलगी तिशीतली असेल. तिने गरीची मोकळी दोन टोकं कापून टाकली. टाके घालायचा जाड दोरा दुहेरी करून गरीच्या बाकाला अडकवला, माझा हात टेबलावर सपाट ठेवला आणि गरीचा दांडा एका बोटाने कातडीकडे दाबून धरला. म्हणाली, तीनला ओढते. एक, दोन, आणि दोनलाच सण्णकन झटका. गरी भिंतीवर जाऊन आपटली आणि मला जोरात हसू आलं. तिला वाटलं, भोवळ येतेय की काय.

तुम्हाला आठवत नसेल, पण मला आठवतं. मी चौथीत होतो. बोय पकडायला गेलो होतो आणि माझीच गरी मागे फेकताना माझ्याच पोटरीत बसली होती. तुम्ही हातभर तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, तोडलंत, दुहेरी करून गरीला अडकवलंत, अंगठ्याने दांडा दाबलात आणि म्हणालात, "तवसाळची होडी निघाली का बघ रे." मी मान वळवली आणि तेवढ्यात गरी बाहेर! होडी निघालीच नव्हती. ही युक्ती १९६१ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या एका नियतकालिकात छापून आली होती, हे मी परवा वाचलं. तुम्ही ती कुठून शिकलात? आजोबांकडून? विचारायचं राहूनच गेलं, उत्तरी कळवा.

आणि म्हणूनच मला तुमचा राग आला. माझ्या पोटरीतली गरी काढायला तुमच्याकडे एवढं कसब होतं आणि स्वतःच्या अंगठ्याला मात्र पक्कड! टोकामागचा उलटा काटा आत मांसात रुतून बसतो, सरळ ओढलं की तो फाडतच येतो, हे मी तुम्हाला काय सांगावं? दांडा दाबला की काटा मांसातून सुटतो आणि आला त्या वाटेने निघतो. पण मग मी शांतपणे विचार केला. दांडा दाबायला एक हात, दोरा ओढायला दुसरा, आणि गरी ज्या हातात बसली तो तिसरा. एकट्या माणसाकडे ते तीन हात नसतात. म्हणजे तुम्ही युक्ती विसरला नव्हतात, जवळ कुणी नव्हतं.

तेव्हा गरवणं सोडा असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी तुम्ही ऐकणार नाही, आणि घरी बसलात तर आईला वैताग. एकटं जायचं नाही, एवढंच. शेजारचा पोरगा मोबाइल बघत बसला तरी चालेल, त्याचे हात आपले. आणि तो दोरा फक्त लहान गरीला, तीही नुसत्या मांसात असेल तर. मोठी किंवा खोल गेली असेल, बोटाच्या सांध्याशी, मानेला, तोंडाला लागली असेल, तर तिला हात न लावता आरोग्य केंद्रात जायचं. तिथे जागा बधिर करून काढतात. कधी टोक पुढे ढकलून कातडीबाहेर काढतात, काटा कापतात आणि उरलेली मागे घेतात. डोळ्याला लागली तर ओढायचीही नाही, दाबायचीही नाही. वर कागदी कप उपडा धरून थेट रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. म्हणून तुम्हाला पाठवतोय त्या पार्सलमध्ये एक चष्मा आहे. उन्हाचा समजा आणि वापरा.

आई, पुढचं तुझ्यासाठी, कारण बाबा हा भाग वाचायचा सोडतील. त्यांची साखर आहे, त्यांना बोटांना कमी जाणवतं आणि जखम चिघळली तरी उशिरा कळेल. धडधाकट माणसाला अशा जखमेला बहुतेक वेळा नुसतं धुणं पुरतं. साखरवाल्याने डॉक्टरला दाखवायचंच. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन त्यांनी पडवीचा पत्रा लागला तेव्हा घेतलं होतं, म्हणजे दहा वर्षं झाली. अशा घाणेरड्या जखमेला पाच वर्षांवर गेलं तरी पुन्हा घ्यावं लागतं. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू एका दिवसात हात सुजवून ताप आणतात. ते झालं नाही म्हणून सुटलो असं समजू नका. एक जात अशी आहे की जखम भरते, आपण विसरतो आणि काही आठवड्यांनी तिथे लालसर गाठ येते. आता साधारण तेवढेच दिवस झालेत. गाठ दिसली तर डॉक्टरला समुद्राचं आणि माशांचं आधी सांगायचं, नाहीतर साधं गळू म्हणून औषध मिळेल. आणि हळद-चुना नको, आई. मला माहीत आहे तू लावलास.

डिसेंबरात इथली एक ओळखीची बाई चिपळूणला जाते आहे, तिच्याबरोबर पार्सल पाठवतो. त्यात कटर आहे, चष्मा आहे आणि बिनकाट्याच्या गऱ्यांची दोन पाकिटं. हसू नका. तंगूस ताणलेलं ठेवलं तर मासा त्यावरूनही सहसा सुटत नाही आणि तुमचं तंगूस कधी ढिलं असतं? "काटा नसेल तर ती गरी नव्हे, टाचणी," हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. त्यावर माझं उत्तर असं: जपानच्या ओकिनावा बेटावर एका गुहेत शंखाच्या कवचाच्या गऱ्या सापडल्या आहेत, २३,००० वर्षांपूर्वीच्या. त्यांना काटा नाही. त्या लोकांचं पोट भरत होतं. नवीन नकोच असतील तर जुन्या गऱ्यांचे काटे पकडीने चेपून टाका, तेवढ्याने काम होतं. पक्कड आहेच तुमच्याकडे.

माझी जखम भरत आली आहे. चिमी काहावाईचं चित्र काढून पाठवते आहे. त्यात मीही आहे, माशाला लटकलेला.

बाबा, अंगठ्याचा फोटो पाठवा. दिवसाउजेडी, पट्टी काढून, आणि फोटो आईने काढायचा.

तुमचा,
बंड्या